रबराला म्हणे थंडी वाजते

बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचा विषय निघाला की आपल्याकडे एक युक्तिवाद हमखास कानावर पडतो. थंडीत रबर कडक होते, कडक झालेले रबर तडकते, आणि ध्रुवावर तर थंडीला अंतच नाही. तेव्हा बर्फावर पोलादी साखळीच हवी, रबरी पट्टा हे स्कीइंगच्या हौशी लोकांचे खेळणे. बोलणारा बहुतेक वेळा यंत्रांतला माहीतगार असतो. त्याची हयात बुलडोझर आणि पोकलेनच्या संगतीत गेलेली असते. खाणीत, धरणाच्या कामावर, घाट फोडताना पोलादी चेन काय काय सोसते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यामुळे ऐकणारे माना डोलावतात. मला ते जमत नाही. या युक्तिवादातले पहिले विधान अर्धे खरे आहे, दुसरे भलत्याच रबराविषयी आहे आणि निष्कर्षाचा या दोघांशी काडीचा संबंध नाही.

पोलादवाल्यांचा (सोयीसाठी त्यांना असेच म्हणू) हुकमाचा एक्का म्हणजे चॅलेंजर अवकाशयान. २८ जानेवारी १९८६ला ते उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी आकाशातच फुटले आणि सात अंतराळवीर गेले. दोष निघाला बाजूच्या रॉकेटच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी कड्यांत. चौकशी आयोगाच्या जाहीर बैठकीत रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा छोट्या शिकंज्यात आवळला, समोरच्या बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला, बाहेर काढून शिकंजा सैल केला आणि तुकडा पटकन मूळ आकारात येत नाही हे सगळ्यांना दाखवले. इतके स्वस्त आणि इतके परिणामकारक प्रात्यक्षिक क्वचितच कोणी केले असेल. ते ज्याने पाहिले किंवा वाचले त्याच्या मनात रबर आणि थंडी यांचे वैर कायमचे ठसले.

पण त्या पेल्यातले पाणी होते शून्य अंशाचे. उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान शून्याच्या दोनेक अंश वरच होते. रबर नावाची एकच वस्तू असती आणि ती शून्यालाच मान टाकत असती, तर कॅनडात किंवा सायबेरियात हिवाळ्यात एकही मोटार टायरवर धावली नसती. त्या कड्या फ्लुओरोरबराच्या होत्या. ही जात उष्णतेला आणि तेल-इंधनाला दाद देत नाही म्हणून निवडतात. थंडीत मात्र ती लवकर आखडते, आणि साधारण उणे वीसच्या आसपास तिच्यातल्या लांबलचक रेणूंची हालचाल गोठून ती काचेसारखी होते. नैसर्गिक रबराला तीच अवस्था गाठायला उणे सत्तरच्या जवळ उतरावे लागते. पॉलिब्युटाडाईन या कृत्रिम रबराला त्याहूनही बरेच खाली, उणे नव्वद-शंभरच्या घरात. थंड प्रदेशातल्या पट्ट्यांसाठी अशाच जातींची मिश्रणे करतात आणि ताण सोसायला आत पोलादी तारांचे किंवा कापडाचे थर घालतात. फाइनमन यांचा प्रयोग बिनचूक होता, पण तो ज्या रबरावर केला त्याच रबरापुरता. बर्फगाडीच्या पट्ट्याचा निकाल त्यावरून लागत नाही.

पोलादवाल्यांना खरोखर रबरावर बोट ठेवायचेच असेल, तर त्यांच्यासाठी एक चांगला मुद्दा मीच सुचवतो. ते तो कधी काढत नाहीत. नैसर्गिक रबर उणे पंचविसाच्या आसपास बराच वेळ निपचित पडून राहिले तर त्यात स्फटिक धरू लागतात आणि ते हळूहळू ताठरते. काच होण्यापेक्षा ही वेगळी भानगड आहे आणि वेळीच विचारात घेतली नाही तर त्रास देते. गंधक देऊन पक्के केलेल्या रबरात ती मंदावते, मिश्रणात दुसरी जात घातली की आणखी मंदावते, आणि रबर गरम झाले की स्फटिक वितळूनही जातात. चालता पट्टा दर फेऱ्याला चाकांभोवती वाकतो आणि सरळ होतो. त्या वाकण्यानेच तो आतून ऊब धरून असतो. म्हणजे धोका रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला, आणि तोही सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत. अनुभवी चालक त्या वेळी गाडी गोगलगाईच्या गतीने काढतो. पोलादी साखळीच्या पिना-बुशांतले ग्रीसही अशा सकाळी गोठलेले असते, आणि त्यालाही असाच वेळ द्यावा लागतो.

आता पोलादाच्या थंडीकडे वळू. १६ जानेवारी १९४३ला अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या गोदीत, शांत पाण्यात उभे असलेले 'शेनेक्टडी' हे नवेकोरे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. ना वादळ, ना पाणतीर. कडाक्याची म्हणावी अशी थंडीही नव्हती. त्याच काळात घाईने बांधलेल्या लिबर्टी जहाजांनाही तडे जात होते. सगळ्यांनी आधी वेल्डिंगला धारेवर धरले. केंब्रिजमधल्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की ते पोलादच ठरावीक तापमानाच्या खाली गेले की ताणले जाण्याऐवजी एकदम तुटत होते. वेल्डिंगमुळे तड्याला एका पत्र्यातून दुसऱ्या पत्र्यात जायची वाट मोकळी झाली, इतकेच. तेव्हापासून थंड प्रदेशातल्या पोलादाची आघात-चाचणी कमी तापमानाला करायची पद्धत रूढ झाली.

यावरून पोलाद बर्फात बाद, असे मी म्हणणार नाही. निकेल मिसळून, दाणा बारीक राखून, हॅडफिल्ड यांनी १८८२ साली काढलेले मँगेनीज पोलाद वापरून थंडीतही चिवट राहणाऱ्या साखळ्या करता येतात आणि करतातही. पण पोलादाच्या बाबतीत 'कोणते पोलाद?' हे विचारायचे आणि रबराच्या बाबतीत मात्र सगळे रबर एकाच पेल्यात बुडवायचे, ही कुठली रीत? जो हिशेब एकाला लावता तोच दुसऱ्याला लावा. तो लावला की थंडीच्या कसोटीवर दोघेही पास होतात, जात नीट निवडली तर. आणि दोघेही नापास होतात, न निवडली तर.

रबरी पट्टा हा कोणा उबदार देशातल्या माणसाच्या डोक्यातून निघाला असेही नाही. पहिल्या महायुद्धाआधी रशियात झारच्या मोटारखान्याची तांत्रिक बाजू सांभाळणारे फ्रेंच गृहस्थ अडॉल्फ केग्रेस यांच्यापुढे प्रश्न होता तो हिवाळ्यातला: बर्फावरून महाराजांची मोटार न्यायची कशी? त्यांनी मागची चाके काढून तिथे लवचीक पट्टा बसवला, आणि गरज पडली तर पुढे स्की. क्रांतीनंतर ते मायदेशी परतले, पण कल्पना रशियात राहिली. पुढे लेनिन यांच्या रोल्स-रॉइसलाही असेच पट्टे चढवले गेले, आणि ती गाडी मॉस्कोजवळच्या गोर्कीतल्या संग्रहालयात पट्ट्यांसकट उभी आहे. झार गेला, पट्टा टिकला. फ्रान्समध्ये सित्रोएनने केग्रेस यांच्या पट्ट्यांवर सहारा ओलांडली, आणि १९३१च्या उन्हाळ्यात सित्रोएनच्या आशियाई मोहिमेतल्या दोन गाड्या श्रीनगरहून निघून बुर्झिल खिंडीमार्गे गिलगिटला पोचल्या. वाटेत रस्ता तुटला होता तिथे त्यांचे सुटे भाग करून हमालांनी वाहून नेले, हेही सांगायला हवे. तशा कड्यावरून पोलादी साखळीची गाडीही स्वतःच्या पायांनी गेली नसती.

कॅनडातली गोष्ट याहून महत्त्वाची आहे, कारण ती या वादाच्या मुळावर बोट ठेवते. क्यूबेकमधल्या वाल्कूर गावचे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए बर्फगाडीच्या मागे बरीच वर्षे लागलेले होते. १९३४च्या हिवाळ्यात त्यांचा लहानगा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, इस्पितळात न्यायला साधन नाही, मूल गेले. १९३७ला त्यांना पेटंट मिळाले ते कशाचे, तर रबराने मढवलेल्या दातेरी चाकाचे आणि रबरी पट्टे आडव्या पोलादी पट्ट्यांनी जोडून केलेल्या चालपट्ट्याचे. त्यावर सात जणांची बी-७ गाडी आली, मग बारा जणांची. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले हिवाळ्यात त्यातून फिरू लागली. नीट पाहा: रबर कुठे, तर जिथे वाकायचे आहे तिथे. पोलाद कुठे, तर जिथे बर्फात रोवून रेटायचे आहे तिथे. १९३७ साली एका खेड्यातल्या मेकॅनिकने हा वाद मिटवला होता, आणि आपण अजून 'रबर की पोलाद' करत बसलो आहोत.

आजच्या बर्फगाडीचा पट्टा जवळून पाहिला तर त्यात बोंबार्दिएंचीच रचना वाढलेली दिसते. स्कीच्या उतारांवर बर्फ दाबून सपाट करणारे पिस्टनबुलीसारखे यंत्र घ्या. आधी नजरेत भरतात त्या आडव्या दांड्या, पट्ट्याच्या पूर्ण रुंदीच्या, एकामागून एक. कधी पोलादाच्या, कधी ॲल्युमिनियमच्या; ॲल्युमिनियमच्या असल्या तर कडेला कठीण पोलादाची धार बसवलेली. या दांड्या आतल्या बाजूने लांबलचक रबरी पट्ट्यांवर नटबोल्टांनी आवळलेल्या असतात. रबरी पट्ट्यांच्या मधल्या फटीतून टायरची चाके धावतात आणि मागचे दातेरी चाक दांड्यांना धरून पट्टा ओढते. फटी असल्यामुळे आत शिरलेला बर्फ बाहेर पडायलाही वाट मिळते. एखादी दांडी दगडावर आपटून वाकली तर तिचे बोल्ट सोडायचे, नवी लावायची आणि पुढे निघायचे. आता याला रबरी म्हणायचे की पोलादी? बाजारात याला रबराच्या खात्यात टाकतात, पण बर्फाला प्रत्यक्ष शिवते ती धातूची कड.

गोव्यात वास्कोला असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र दरवर्षी ज्या मोहिमा अंटार्क्टिकाला पाठवते, त्यांचा माल जहाजातून हिमतटावर उतरतो आणि तिथून शंभरेक किलोमीटर आतल्या मैत्री स्थानकापर्यंत अशाच पिस्टनबुलींच्या काफिल्याने ओढत नेतात. तिथल्या उणे तापमानात रबर तडकत असते, तर १९८९पासून चालू असलेल्या त्या स्थानकाला डिझेल पोचवणे कधीच अवघड होऊन बसले असते.

उलट दिशेचा मिलाफही आहे. जर्मन बनावटीच्या लेपर्ड-२ रणगाड्याची साखळी पक्की पोलादी. पण तिच्या प्रत्येक कडीवर रबरी गादी असते, रस्ता खराब होऊ नये आणि हादरे कमी बसावेत म्हणून. बर्फ पडला की यातल्या काही गाद्या काढून तिथे फुलीच्या आकाराचे पोलादी पंजे बसवतात. सगळ्या नाही, काहीच. मागे नॉर्वेने तर आपल्या सीव्ही-९० या तीस टनांच्या आसपासच्या चिलखती गाड्यांना कॅनडाच्या सूसी कंपनीचे अखंड रबरी पट्टे चढवून पाहिले आणि गाडीमागे सुमारे टनभर वजन वाचवले. नॉर्वेला थंडी म्हणजे काय ते शिकवायला आपण जायला नको.

पोलादवाल्यांचा दुसरा एक्का म्हणजे व्हिव्हियन फुक्स यांची अंटार्क्टिका मोहीम. नोव्हेंबर १९५७मध्ये ते वेडेल समुद्राच्या बाजूने निघाले, १९ जानेवारी १९५८ला दक्षिण ध्रुवावर पोचले आणि २ मार्चला खंड पार करून स्कॉट तळावर उतरले. ९९ दिवसांत साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. त्यांच्या ताफ्यात टकर कंपनीच्या चार स्नो-कॅट होत्या, काही वीझल आणि बोंबार्दिएंचा एक मस्केग ट्रॅक्टर. वीझल आणि मस्केग एकेक करून वाटेत सोडावे लागले. पोलादी शिडीसारख्या साखळ्यांच्या चारही स्नो-कॅट मात्र शेवटपर्यंत गेल्या. झाले, पोलाद जिंकले!

इतके सोपे नाही. वीझल हे दुसऱ्या महायुद्धातले हलके वाहन, युद्धापुरते म्हणून आखलेले. आणि त्याच्या पट्ट्यालाही पोलादी पाट्या होत्याच. म्हणजे ती परीक्षा रबर विरुद्ध पोलाद अशी नव्हतीच. स्नो-कॅट का टिकली? तिला चार स्वतंत्र साखळ्या होत्या, प्रत्येक आपापल्या तरफेवर वर-खाली होणारी, आणि वळताना पुढचे-मागचे धुरे दोन्ही फिरणारे. वाऱ्याने कोरलेल्या दगडी बर्फाच्या लाटांवरून अशी गाडी चारही पाय टेकून जाते. त्या मोहिमेतले 'रॉक अँड रोल' नावाच्या स्नो-कॅटचे छायाचित्र प्रसिद्ध आहे: खाली हिमदरीचे तोंड उघडलेले आणि गाडी कडांवर लटकून. ती दरीत गेली नाही याचे श्रेय गाडीच्या लांबीला आणि रचनेला द्या. साखळीच्या धातूला ते कसे द्यायचे, मला कळत नाही. शिवाय फुक्स यांच्या आधी, ४ जानेवारीलाच, एडमंड हिलरी ध्रुवावर पोचले होते ते शेतीच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांना पट्टे चढवून. म्हणून फर्ग्युसन ट्रॅक्टर हे ध्रुवावरचे आदर्श वाहन, असे कोणी म्हणत नाही. मग स्नो-कॅटवरून पोलाद हा आदर्श धातू, हे तरी कसे ठरते? टकर कंपनी स्वतः आज रबरी पट्ट्यांची यंत्रेही बनवते.

सोव्हिएत खार्कोव्चांका हे पोलादाचे खरे स्मारक. खार्कोव्हच्या कारखान्यात लष्करी ओढगाडीच्या सांगाड्यावर बांधलेली सुमारे ३५ टनांची ही गाडी. आत झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, चालत्या गाडीतच इंजिन तपासायची सोय. २६ डिसेंबर १९५९ला सोव्हिएत काफिला व्होस्तोक स्थानकामार्गे दक्षिण ध्रुवावर पोचला. मला या गाडीविषयी मनापासून आदर आहे. पण तिच्या साखळ्या मीटरभर रुंद कराव्या लागल्या, कारण एवढे वजन बर्फावर पेलायचे तर दुसरा मार्ग नव्हता. रुंद पोलाद म्हणजे आणखी वजन, आणि ते वजन हलवायला आणखी डिझेल, जे डिझेलही त्याच गाडीने ओढून न्यायचे. आज व्होस्तोकला जाणाऱ्या रशियन काफिल्यांत जर्मन पिस्टनबुलीही असतात.

इथे मूळ दुखणे येते. खाणीत साखळीची परीक्षा होते ती दगडाशी, आणि दगड काही खचत नाही. बर्फात परीक्षा उलटी असते: जमीनच गाडीखालून जाते. एम. जी. बेकर यांनी १९५६ साली मऊ जमिनीवरच्या वाहनांच्या शास्त्राची मांडणी केली तेव्हापासून हे आकड्यांत मांडता येते. दोन पायांवर उभा असलेला माणूस जमिनीवर पंधरा-वीस किलोपास्कल दाब टाकतो. लढाऊ रणगाडा ऐंशी ते शंभर. स्वीडिश हेग्लुंड्सची बीव्ही-२०६ ही दोन डब्यांची रबरी पट्ट्यांची गाडी बारा-चौदाच्या आसपास. उतार सपाट करणारी बर्फगाडी पाच-सात. म्हणजे टनावारी वजनाचे ते यंत्र जिथे फक्त ओरखडा काढते तिथे तुमचा बूट घोट्यापर्यंत जातो. हे साधते ते हलक्या आणि अतिशय रुंद पट्ट्यामुळे, आणि पट्टा इतका रुंद करूनही हलका ठेवायचा तर सगळा पोलादाचा करून भागत नाही.

पोलादाच्या बाजूने इथे एक गोष्ट नक्की आहे. वर दिले ते आकडे सरासरीचे, आणि सरासरी फसवी असते. लवचीक पट्टा सैल असेल तर वजन फक्त चाकांच्या खाली एकवटते. सैल नवारीच्या बाजेवर बसणाऱ्याखालीच खड्डा पडावा, तसे. लांब पोलादी पाट्यांची साखळी दोन चाकांच्या मधेही ताठ राहते आणि भार अधिक सारखा वाटते. म्हणून रबरी पट्ट्याच्या गाडीला जास्त चाके लागतात आणि ताण काटेकोर राखावा लागतो. आडव्या ताठ दांड्यांचा दुसरा उपयोगही हाच: त्या भार रुंदीच्या दिशेने पसरतात. ही अडचण रचनेने सुटते. पोलादाचे वजन मात्र कुठल्याही रचनेने कमी होत नाही.

'पोलाद चावते' हा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण निळ्या, घासून गुळगुळीत झालेल्या बर्फावर तो खरा आहे. नुसत्या रबरी खाचा असलेला पट्टा तिथे घसरतो आणि पोलादी दात लागतातच. पण भुसभुशीत बर्फात चावा जितका खोल, तितके बर्फाच्या कणांचे आपसातले जोड तुटतात, आणि गाडी स्वतःखाली खड्डा खणत खाली बसते. पोकलेनवाल्यांना चिखलातला हा प्रकार चांगला ठाऊक आहे. बर्फाची गोष्ट निघाली की ते तो का विसरतात कोण जाणे. उकरलेला, दाबलेला बर्फ काही तास तसाच राहू दिला तर त्याचे कण पुन्हा एकमेकांना धरतात आणि तो पहिल्यापेक्षा घट्ट होतो. काफिल्याचा मार्ग आधी दाबून मग वापरायचा, तो याचसाठी. घाईने चावत जाणाऱ्या साखळीला ही सवड मिळत नाही.

आणि आता पुन्हा चॅलेंजर, पण दुसरा. अवकाशयान फुटल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९८७ला, कॅटरपिलरने चॅलेंजर ६५ नावाचा शेतीचा ट्रॅक्टर बाजारात आणला. नावाचा योगायोग, दुसरे काही नाही. पोलादी साखळीच्या जोरावर जगभर नाव कमावलेल्या कंपनीने या ट्रॅक्टरला रबरी पट्टे दिले, शेतातली माती दाबली जाऊ नये म्हणून. आपल्या भंडारा-गोंदियाच्या ओल्या धानात रबरी पट्ट्यांचा हार्वेस्टर उतरवतात तोही याच कारणाने. फ्रेंच ध्रुवीय संस्थेच्या पात्रिस गोदाँ यांनी हे चॅलेंजर अंटार्क्टिकाला नेले. किनाऱ्यावरून आत डोम-सीपर्यंतची सुमारे ११०० किलोमीटरची वाट, तीन हजार मीटरहून अधिक चढ, भर उन्हाळ्यातही उणे तीस-चाळीस. पुढे पिस्टनबुली वाट सपाट करत जाणार आणि मागे चॅलेंजर स्लेजांची माळ ओढणार. याच काफिल्यांवर डोम-सीवरचे कॉन्कॉर्डिया स्थानक उभे राहिले, आणि २००५पासून तिथे बाराही महिने माणसे राहतात. अमेरिकेने आपल्या मॅकमर्डो तळावरून दक्षिण ध्रुवापर्यंत सोळाशे किलोमीटरचा मार्ग पाडला, तोही अशाच रबरी पट्ट्यांच्या शेती-ट्रॅक्टरांवर: डिझेलचे प्रचंड फुगे प्लास्टिकच्या चटयांवर ठेवून मागे ओढायचे. कडाक्याच्या थंडीतले मालवाहतुकीचे हे दोन लांब रस्ते रबरावर चालतात. नोव्हेंबर २०१०मध्ये रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पथक मैत्रीहून दक्षिण ध्रुवावर गेले, ते तर साखळीवरही नाही आणि पट्ट्यावरही नाही. कमी हवेच्या रुंद टायरांच्या गाड्यांवर. टायर कशाचे असतात ते सांगायला नको.

रबरवाल्यांचीही इथे पाठ थोपटायची नाही. त्यांच्या विक्रेत्यांनी पसरवलेली 'देखभालच नको' ही थाप आहे. पोकलेनची चेन तुटली तर खाणीतली पोरे काय करतात ते पाहिले आहे? मास्टर पिन शोधायची, जॅकने ताण काढायचा, दोघांनी आळीपाळीने घणाचे ठोके घालून पिन बाहेर काढायची, खराब कडी बदलायची, नवी पिन ठोकायची. अंगमेहनतीचे काम, पण जागेवर होते. चॅलेंजरचा अखंड पट्टा मात्र कडेने फाटत गेला आणि आतल्या तारा उघड्या पडल्या, तर ठिगळ लावायची सोय नाही. शेकडो किलोचा आख्खा पट्टा बदलायचा, हातमोजे घालून, वाऱ्यात. म्हणून सुटा पट्टा सोबत न्यावा लागतो. शिवाय चॅलेंजरसारख्या गाडीत दातांऐवजी घर्षणावर पट्टा ओढला जातो. चाक आणि पट्टा यांच्यामध्ये बर्फ शिरला की चाक जागच्या जागी फिरते. दांड्यांचा जोडपट्टा या दोन्ही बाबतींत बरा आहे. दांडी सुटी निघते आणि दातेरी चाक सहसा घसरत नाही. पण त्याचा वेग कमी, आणि उघड्या दगडावर त्याच्या कडा लवकर झिजतात.

शुद्ध पोलादी साखळीची खरी जागा म्हणजे झोजी ला खिंडीतला रस्ता. हिवाळ्यानंतर तो रस्ता मोकळा करताना सीमा सडक संघटनेचे बुलडोझर हिमप्रपाताचे जे ढिगारे ढकलतात, त्यात बर्फाबरोबर दगड असतात, मोडलेली झाडे असतात, आणि बर्फही दाबून सिमेंटसारखा झालेला. खाली पक्की जमीन आहे, रुतायची भीती नाही, समोर रेटायचे आहे. तिथे वजन कामाला येते आणि अखंड रबरी पट्टा एका हंगामात फाटून जाईल. हा बुलडोझर मैत्रीच्या वाटेवरच्या भुसभुशीत बर्फावर उतरवला तर तो पहिल्या दिवशीच पोटावर बसेल. आणि पिस्टनबुली झोजी लाच्या ढिगाऱ्यावर चढवली तर तिच्या दांड्या संध्याकाळपर्यंत वाकलेल्या असतील.

मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोकडून आता हजिऱ्याच्या कारखान्यात भारतीय लष्करासाठी हेग्लुंड्सच्या बीव्हीएस-१० गाडीची 'सिंधू' ही आवृत्ती तयार होणार आहे. तिला रबरी पट्टेच आहेत, आणि ती उंच पर्वतांपासून वाळवंटापर्यंत चालायची आहे. ही बातमी आली की 'लडाखच्या थंडीत रबर?' असा सूर लावणारे निघणारच. त्यांना विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत: मिश्रणात कोणते रबर आणि त्याची आघात-चाचणी किती उणे अंशांना झाली, पट्ट्याची बर्फाला शिवणारी बाजू कशी आहे आणि गोठलेल्या रस्त्यासाठी पोलादी दात चढवायची सोय आहे का, सुटे पट्टे गाडीमागे किती आणि ते तळावर की पुढच्या ठाण्यावर, आणि पट्टा बदलायला किती माणसे आणि किती तास लागतात, उणे पंचवीसला.